36 जिल्हे, एक नोटबुक आणि सोमवारची सकाळ

प्रश्न: नमस्कार. मी पावसाच्या आकड्यांवर काम करते. ज्युपिटर नोटबुकमध्ये (पायथॉनचा कोड, आकडे आणि आलेख एकाच फाइलमध्ये ठेवणारं साधन) एका जिल्ह्याचा साप्ताहिक रिपोर्ट बनवलाय. दर सोमवारी वर जिल्ह्याचं नाव बदलायचं, सेल (कोडचे तुकडे) रन करायचे, सेव्ह करायचं, मग पुढचा जिल्हा, असं 36 वेळा, यातच दुपार होते. मागच्या महिन्यात परभणीच्या रिपोर्टमध्ये बीडचा आलेख गेला आणि मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते निघालं. हे आपोआप करता येईल का? प्रोग्रामिंग जेमतेम येतं.
– एक वाचक, परभणी

उत्तर: ताई, येईल, आणि जेमतेम प्रोग्रामिंगवर येईल. पण आधी तो बीडचा आलेख कुठून आला ते बघू, कारण तीच चूक ऑटोमॅटिक केली तर दर सोमवारी 36 ठिकाणी होईल.

तुमच्या नोटबुकमध्ये प्रत्येक सेलच्या डावीकडे चौकोनी कंसात आकडा असतो ना, तो नीट बघा. 1, 2, 3 असा क्रमाने खाली येत नसेल, मध्येच 14 आणि त्याखाली 9 दिसत असेल, तर सेल उलटसुलट रन झालेत. तुम्ही वर परभणी लिहिलंत पण डेटा वाचणारा सेल परत चालवायचा राहिला, कर्नलच्या (म्हणजे मागे कोड चालवणाऱ्या आणि आधीचं सगळं लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) डोक्यात बीडच होतं, त्याने बीडचा आलेख काढून दिला. हे फक्त तुमच्याच बाबतीत होतं असं अजिबात नाही, 2019 च्या एका अभ्यासात गिटहबवरच्या (कोड ठेवायची वेबसाइट) लाखो नोटबुक पुन्हा चालवून पाहिल्या तर जेमतेम 24 टक्के एररशिवाय शेवटपर्यंत गेल्या आणि जुनेच निकाल आले ते फक्त 4 टक्क्यांत. म्हणून आज पहिलं काम एकच, कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवा, आणि जिथे अडेल तिथे दुरुस्त करा.

मग पेपरमिल घ्या. एकच नोटबुक दर वेळी वेगळी नावं देऊन आपोआप चालवणारं पायथॉनचं फुकट टूल आहे, पिप या पायथॉनच्या कमांडने इन्स्टॉल होतं. जिल्हा आणि आठवडा हे दोन व्हेरिएबल एकाच सेलमध्ये आणा आणि त्या सेलला ‘parameters’ असा इंग्रजीत टॅग लावा. हा टॅग विसरू नका, इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो! टॅग असेल तर पेपरमिल त्या सेलच्या लगेच खाली नवा सेल घालतं आणि तुमचं जुनं नाव बदलतं, टॅग नसेल तर तो नवा सेल नोटबुकच्या अगदी वर जातो, मग खाली तुमचं ‘परभणी’ लिहिलेलं असतंच, ते त्याच्यावर चढतं आणि 36 फाइलींमध्ये परभणीच येते, एररसुद्धा येत नाही.

मग जिल्ह्यांच्या यादीवर साधं लूप. मूळ नोटबुक तशीच राहते, प्रत्येक जिल्ह्याची वेगळी नोटबुक तयार होते, आलेखासकट. आणि दर वेळी कर्नल नवा सुरू होतो, त्यामुळे बीडचं काही परभणीत येऊच शकत नाही. मला या टूलमध्ये सगळ्यात हेच आवडतं.

लूपमध्ये प्रत्येक जिल्ह्याला ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तरी पुढे जायची पायथॉनची सोय) लावा, नाहीतर एक अडला की पुढचे सगळे राहतात. आणि एखादा अडणारच, कुठल्या फाइलमध्ये अजून अहमदनगर आहे, कुठल्यात अहिल्यानगर, तसंच उस्मानाबाद आणि धाराशिव. बिघडलेली नोटबुकही सेव्ह होते आणि कोणत्या सेलमध्ये अडलं ते तिच्यातच वर लिहून येतं, शोधत बसावं लागत नाही. अडलेल्या जिल्ह्यांची नावं शेवटी प्रिंट करून घ्या.

सोमवारी पहाटे आपोआप चालवायचं तर लिनक्सवर क्रॉन, विंडोजवर टास्क शेड्युलर, दोन्ही ठरलेल्या वेळी प्रोग्राम चालवतात. क्रॉनमध्ये पायथॉनचा आणि फाइलींचा पूर्ण पाथ लिहा, टर्मिनलवर चालतं ते तिथे चालत नाही याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आणि मशीन त्या वेळी चालू हवं. साहेबांना कोड नको असेल तर एनबीकन्व्हर्ट या नोटबुकचं रूप बदलणाऱ्या टूलने एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारं पान) करताना कोड लपवता येतो.

पण लगेच 36 वर जाऊ नका. आधी बीड आणि परभणी दोनच चालवा, दोन्ही आलेख शेजारीशेजारी उघडा आणि चार-पाच दिवसांचे आकडे मूळ फाइलशी स्वतः ताडून बघा.