झाकण नुसतं घट्ट केलं तर लहान मुलांना उघडणार नाही का?

तुमचा प्रश्न असा की, टॉयलेट क्लीनरच्या बाटलीला साधंच झाकण ठेवून आटे जरा घट्ट केले तर चालेल का. नाही चालणार. मी वडोदऱ्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत झाकणांचे मोल्ड, म्हणजे साचे, डिझाइन करतो. छोटे कारखानदार आधी हेच विचारतात, कारण त्यात नव्या मोल्डचा खर्च वाचतो.

चार वर्षांचं पोर बाटली मांडीत दाबून दोन्ही हातांनी पिळतं, नाहीतर सरळ दात लावतं. त्यालाही दाद देणार नाही इतकं घट्ट झाकण केलंत, तर सांधे धरलेल्या आजीला ते कुठून उघडणार? ती एकदा सुनेकडून उघडून घेईल आणि पुढे झाकण नुसतं वर टेकवून ठेवील. ती बाटली मग साध्या झाकणापेक्षाही वाईट.

म्हणून जोर वाढवायचा नाही, एकाच वेळी दोन वेगळ्या हालचाली करायला लावायच्या. दाबून फिरवायच्या प्रकारात झाकणात झाकण असतं. आतल्याला आटे, बाहेरचं त्यावर सैल, दोघांत उतरते दात. बंद करताना दातांची उभी बाजू अडते आणि आतलं झाकण सोबत फिरतं. उघडताना उतरती बाजू घसरते, नुसती टकटक होते. वरून दाबलं तरच दात नीट बसतात. मधल्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या नरम पडल्या, किंवा मोल्ड झिजून दातांच्या कडा बोथट झाल्या, की सगळा खेळ बिघडतो. तेव्हा सॅम्पल पास झालं म्हणून निर्धास्त राहू नका, चालू मालातलीही झाकणं तपासा.

दुसरा प्रकार दोन बाजूंनी चिमटून फिरवायचा. झाकण एकाच तुकड्याचं, त्यामुळे स्वस्त. पण बाटलीच्या मानेवर अडणारे खुंट लागतात, म्हणजे बाजारातली तयार बाटली चालत नाही. तुमच्या मालासाठी मी हाच घेईन.

चाचणी कशी असावी, याला अमेरिकेचा नमुना चांगला आहे. तिथे १९७० साली यासाठी कायदा झाला. ४२ ते ५१ महिन्यांची मुलं जोडीजोडीने बसवतात आणि ५ मिनिटं देतात. मग झाकण उघडून दाखवतात, दात वापरले तरी चालतील असं सांगतात, आणि आणखी ५ मिनिटं. दाखवण्याआधी निदान ८५ टक्के आणि शेवटी निदान ८० टक्के मुलांना उघडता येऊ नये. शिवाय ५० ते ७० वयाच्या मोठ्यांपैकी ९० टक्क्यांना ते उघडता आणि पुन्हा लावता आलं पाहिजे. मला ही दुसरी अट जास्त कडक वाटते, आणि आपल्याकडे तिचाच विसर पडतो.

म्हणजे पास झालेलं झाकणसुद्धा पाचातलं एखादं मूल उघडू शकतं. त्यामुळे लेबलवर ‘मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका’ हे मोठ्या अक्षरांत राहू द्याच. आणि ‘दुसऱ्या बाटलीत ओतू नका’ हेही. हातगाडीवरचं सुटं फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून देतात, तिथे कुठलंच डिझाइन कामाचं नाही.

बाटलीच्या मानेचं ड्रॉइंग असेल तर इथे टाका. खुंटांना जागा निघते का, ते बघून सांगतो.