थर्माकोल आधी काढा, पडद्यांचं नंतर बघू

तुमची पोस्ट काल रात्री वाचली, उत्तर सकाळी लिहू म्हणून फोन ठेवला, पण झोप लागेना. मुंबईहून नाशिकला बदली, वरच्या मजल्यावरचा फ्लॅट, डिसेंबरात आई-बाबा महिनाभर राहायला येणार, त्यांना थंडी बाधू नये म्हणून घर ऊबदार कसं करायचं हा तुमचा प्रश्न. इथपर्यंत ठीक. पण मधेच एका ओळीत लिहिलंयत, बाथरूमच्या खिडकीतून फार गार वारा यायचा म्हणून तिथे थर्माकोल बसवून टेप मारली, आता छान वाटतं. आणि खाली हीटरबद्दल विचारताना सहज बोलून गेलात की गरम पाण्याला गॅस गिझर आहेच. तो कुठे बसवलाय ते लिहिलेलं नाही.

गिझर बाथरूममध्ये असेल तर ते थर्माकोल आधी काढून या. माझं बाकीचं पुराण नंतर वाचा.

हेच मी केलं होतं, २०२१ च्या डिसेंबरात. आम्ही डोंबिवलीहून आलेलो. तिथे थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर. इथे पहिल्याच डिसेंबरात सकाळी सहाला अनवाणी फरशीवर उतरले आणि परत पलंगावर चढून बसले. निफाडचा पारा किती उतरला आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या हे तोवर पेपरात वाचायची बातमी होती, आता ते निफाड चाळीसेक किलोमीटरवर आलं होतं. त्यात चिपळूणहून सासूबाई येणार. त्यांच्यासाठी मी जी तयारी केली ती तुमच्या पोस्टसारखीच. जाड पडदे, फरशीवर गालिचा, दाराखाली जुन्या साडीची वळकटी, आणि बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला नव्या टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल. चाकूने बरोबर मापात कापलं, चारी बाजूंनी ब्राउन टेप मारली. वर उरलेला फुलाफुलांचा कागदही चिकटवला. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, सतरा अंगठे आले.

त्यानंतर आठवडाभर माझं डोकं दुखत होतं. रोज, आंघोळीनंतर. मी केस ओले राहतात म्हणून सोडून दिलं. मुलगी दोनदा म्हणाली, आई मळमळतंय. शाळा बुडवायची असेल म्हणून मी तिला दामटून पाठवली. गिझरची ज्योत निळ्याची पिवळी झाली होती आणि वरच्या जाळीवर काजळी धरली होती, हेही मला दिसत होतं. फडक्याने पुसून टाकली. या चार गोष्टी एका ओळीत मांडल्या की आज मलाच कळत नाही मी कशी गप्प बसले. त्या तेव्हा एका ओळीत नव्हत्या, एवढंच.

सासूबाई आंघोळीला गेल्या की मोठ्याने स्तोत्र म्हणतात. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना ते मला ऐकू येतं, आणि कुठल्या ओळीला त्या बाहेर येणार हेही पाठ झालंय. त्या दिवशी ते मधेच थांबलं. नळाचा आवाज चालू. मी लाटणं हातात धरून उभी राहिले, म्हटलं साबण लावत असतील. अजून एक पोळी लाटली. ती एक पोळी मला अजून आठवते. मग हाक मारली, मग दार वाजवलं, मग नवऱ्याला ओरडून बोलावलं. दार फायबरचं, त्याने खांद्याने दोन धक्के मारले आणि कडी उपटून आली. सासूबाई बादलीला टेकून बसल्या होत्या. डोळे अर्धे उघडे, बोलणं तोंडातल्या तोंडात.

आता दुसरी चूक, आणि ही कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. करोनामुळे घरात ऑक्सिमीटर होताच. बोटाला लावला, ९८ आला. आम्ही हुश्श केलं. बीपी उतरलं असेल म्हणून लिंबू-सरबत दिलं, गोधडीत गुंडाळलं, आणि थंडी नको म्हणून ती खोलीही बंद केली. तासाभराने उलटी झाली तेव्हा हलवलं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी पहिले दोन प्रश्न विचारले ते असे: घरात गॅस गिझर आहे का? आणि घरात अजून कुणाचं डोकं दुखतंय का? दुसऱ्या प्रश्नाला मी रडायलाच लागले.

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत. गिझरमध्ये गॅस जळतो, त्याला हवा लागते. छोट्या बंद बाथरूममधली हवा लवकर संपत येते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यावर तो राहत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ताकदीने चिकटतो. आणि साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही, म्हणून तो ९८ दाखवतो. सासूबाईंना मास्क लावून ऑक्सिजन दिला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आमचं नशीब. (मी डॉक्टर नाही, बँकेत असते. चक्कर, मळमळ असं काही झालं तर माणसाला आधी उघड्या हवेत आणा, शक्य असेल तर गॅस बंद करा आणि थेट दवाखाना गाठा, इथे विचारत बसू नका.)

थर्माकोल त्याच दिवशी फाडून टाकलं. तरी ज्योत पिवळीच. मग नवऱ्याने खिडकीतून मान वर करून पाहिलं, तर ज्या डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमांच्या हवेसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत, ती खिडकी उघडते त्या डक्टच्या तोंडावर सोसायटीने फायबरचं छप्पर टाकलेलं! का, तर कबुतरं आणि पाऊस. म्हणजे खिडकी सताड उघडी ठेवली तरी बाहेर जी 'हवा' होती ती आठ मजल्यांच्या बाथरूमांचीच. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात ना? गच्चीत जाऊन डक्टचं तोंड बघून या. माझी खात्री नाही की तुमच्याकडे असंच असेल, पण बघायला पाच मिनिटं लागतात.

पुढचे चार महिने सोसायटीच्या ऑफिसात गेले. माझं मागणं साधं होतं. एक तर छप्पर दोन फूट उचला, नाहीतर गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत हलवायला भिंतीला पाइपापुरतं भोक पाडू द्या. आधी अर्ज द्या. दिला. अर्ज कमिटीपुढे ठेवू. कमिटी महिन्यातून एकदा, आणि त्या महिन्यात कोरम नाही. मग म्हणाले बाहेरून भोक दिसेल, बिल्डिंगचं एलिव्हेशन खराब होतं. मी म्हटलं, ड्राय बाल्कनीत माझ्या बादल्या, पायपुसणी आणि शेजारच्यांची तुटकी सायकल दिसते, त्या एलिव्हेशनला माझ्या भोकाने काय होणार आहे? त्यावर मॅनेजर शांतपणे म्हणाले, मॅडम, मग खिडकी उघडी ठेवा ना. मी डक्टचं सांगितलं. म्हणाले, छपरासाठी वेगळा अर्ज लागेल. या माणसाला मी दवाखान्याचे कागद दाखवले होते. त्याने त्यांची झेरॉक्स मागितली, एवढीच काय ती दखल. भोकाची परवानगी मे महिन्यात आली, अंगातून घामाच्या धारा लागल्या असताना. तोवर आम्ही गॅस गिझर भंगारात दिला होता आणि १५ लिटरचा विजेचा बसवला होता. विकत का नाही दिला असं भावाने विचारलं. कुणाच्या बाथरूमसाठी विकायचा होता?

माझं ठाम मत: म्हाताऱ्या माणसांच्या घरात, बाथरूमच्या आत, गॅस गिझर नको. उघड्या बाल्कनीत बसवला असेल तर वेगळी गोष्ट. वीजबिल वाढतं, मान्य. आज-उद्यात बदलणं जमणार नसेल तर निदान एवढं करा. खिडकी उघडी ठेवा, पाणी दार उघडं असताना बादलीत काढा, गिझर बंद करा, आणि मगच आई-बाबांना आत जाऊ द्या. शॉवर नको. कडी नको.

बरं, आता तुम्ही विचारलेल्या गोष्टी. पडदे कुठून घ्यावेत वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतं.

अख्खं घर गरम करायच्या भानगडीत पडू नका. आपली घरं त्यासाठी बांधलेलीच नाहीत. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, रोज चार तास म्हणजे महिन्याला २४० युनिट, आणि १०० व ३०० युनिटांच्या पुढे दर चढतो हे पहिलं बिल आल्यावर कळेल. घ्यायचाच तर आत तेल भरलेला विजेचा घ्या, उघड्या लाल रॉडचा नको, आईंच्या साडीचा पदर कुठे जाईल सांगता येत नाही. १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शनला नाही. झोपायच्या आधी अर्धा तास चालवून बंद. आणि कुणी शेकायला निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणायचं सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा, तो वायू तिथेही हाच असतो. शेकायला रबरी पिशवी उत्तम.

वरच्या मजल्याची एक गंमत सांगते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत ऊब देत राहतो, म्हणून झोपताना पांघरूण नको वाटतं. खरी थंडी पहाटे तीननंतर उतरते. तेव्हा उठून कपाट उघडायला कुणी जात नाही. जास्तीची गोधडी पायथ्याशी उलगडूनच ठेवा. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ओढा, फार फरक पडतो.

गोधडीवरून आठवलं, नवीन ब्लँकेटवर पैसे घालवायच्या आधी आईंना विचारा, घरात जुन्या सुती साड्यांची गोधडी असेल तर येताना आणा म्हणावं. साडीच्या थरांमध्ये हवा अडकते, तीच ऊब. घोंगडी अंगावर टोचते म्हणून लोक टाकून देतात. ती गादीखाली घाला, खालून येणारा गारवा अडतो. सोलापुरी चादर मला अतिशय प्रिय आहे, पण नाशिकच्या जानेवारीत ती एकटी पुरत नाही. आणि सगळी अंथरुणं दुपारी गच्चीत तासभर उन्हात टाका, फक्त चारच्या आत उचला, नंतर टाकून विसरलात तर दवाने गार झालेली घरात येतात. उन्हाचा वास लागलेल्या गोधडीत माझी मुलगी पाच मिनिटांत झोपते, मोबाइल हातातून गळतो.

ऊन फुकट आहे, ते वापरा. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत खोलवर येतं. दहाला पडदे पूर्ण उघडा, साडेपाचला ओढून घ्या. त्या खिडकीशी बाबांची खुर्ची, शेजारी छोटं टेबल, पेपर, चष्मा. आमच्याकडे सासूबाई तिथे बसून लसूण सोलतात आणि खालच्या रस्त्यावर कोण आलं-गेलं त्याची नोंद ठेवतात. घर कितीही सजवा, पाहुण्यांना आपली एक जागा मिळाली की ते रमतात.

पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर सतरंजी टाका, खाली रबरी जाळी घालून, नाहीतर सतरंजीसकट माणूस घसरतो. हॉलमधली पांढरी ट्यूब संध्याकाळी बंद करून कोपऱ्यात दोन पिवळे दिवे लावा, खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेले. पांढऱ्या ट्यूबखाली तीच खोली एसटी स्टँडसारखी दिसते. सरकत्या खिडक्यांच्या मधल्या फटीतली लोकरी पट्टी झिजली असेल तर बदलून घ्या, वारा तिथूनच येतो. हे झोपायच्या खोलीसाठी सांगतेय, आणि तिथेही एक खिडकी बोटभर उघडी राहू द्या.

संध्याकाळी सगळ्यांना स्वयंपाकघरातच बसवा. बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, लोणी, लसणाची चटणी. त्या वेळी घरातली सगळ्यात गरम खोली तीच असते. एक्झॉस्ट चालू ठेवून, अर्थात. आता मला प्रत्येक वाक्याला हे शेपूट लावायची सवय लागलीय, माफ करा.

सासूबाई याही वर्षी येतायत. विजेचा गिझर असूनही त्या आता कडी लावत नाहीत, दाराला आतून बादली लावतात आणि स्तोत्र पूर्वीपेक्षा मोठ्याने म्हणतात. शेजारच्यांनाही पाठ झालं असेल.

थर्माकोल काढलंत का, तेवढं इथे लिहा. गिझर कुठे बसवलाय त्याचा फोटो टाकलात तर बघून सांगते.