गाण्याचा आवाज सात फ्रिक्वेन्सी बँडमध्ये (जाड ते बारीक सुरांच्या पट्ट्यांत) मोजणारी एमएसजीईक्यू७ चिप आर्डुइनोला (छोट्या प्रोग्रामेबल बोर्डाला) जोडलीय, पण गाणं बंद असलं तरी रीडिंग शून्यावर येत नाही. चिप खराब आहे का?

नाही हो, चिप चांगलीये, शांततेत पण थोडं रीडिंग येतंच. कोडमध्ये प्रत्येक बँडमधून तेवढं वजा करा, शून्याखाली गेलं तर शून्य धरा. पण त्याआधी ऑसिलेटरचे, म्हणजे चिपचं क्लॉक (ठोका) ठरवणारे पार्ट बघा, २०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ३३ पिकोफॅरडचा कपॅसिटरच हवा, कारण ६३ हर्ट्झपासून १६ किलोहर्ट्झपर्यंतचे सातही बँड त्या क्लॉकवरच ठरतात, दुसरी व्हॅल्यू घातली की सगळे सरकतात. आणि स्ट्रोब (बँड एकामागून एक पुढे सरकवणारी पिन) लो केल्यावर लगेच ॲनालॉगरीड करू नका, म्हणजे व्होल्टेज वाचू नका, किमान ३६ मायक्रोसेकंद थांबा, नाहीतर आधीच्या बँडचं व्होल्टेज मिसळून येतं. गाण्यावर चमकणारी एलईडी पट्टी जोडली असेल तर तिला मात्र वेगळी पॉवर द्या, तिचा इलेक्ट्रिकल नॉइज सप्लायमधून आत शिरतो. ग्राउंड तेवढं कॉमन ठेवा.