डी-डायमर 420 आहे, पण कोणत्या एककात?

छातीतून पाठीत गेलेली अचानक कळ, महाधमनीची भिंत फाटल्याची म्हणजे डिसेक्शनची शंका, ईसीजीत विशेष काही नाही, डी-डायमर (गुठळी विरघळताना बनणारे तुकडे मोजणारी रक्तचाचणी) 420, कट-ऑफ 500. तर सीटी अँजिओ (डाय देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी) टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. हा घोळ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या विभागाचा प्रोटोकॉल आणि वरिष्ठांचा निर्णय याच्या वर अर्थातच.

आधी रिपोर्टवर एफईयू (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट) लिहिलंय की डीडीयू (डी-डायमर युनिट), ते बघा. 500 नॅनोग्रॅम प्रति मिली हा कट-ऑफ एफईयूमधला आहे. डीडीयूमध्ये तो साधारण 250 होतो. म्हणजे तुमचे 420 डीडीयूतले असतील तर एफईयूत ते 840च्या आसपास जातात, आणि चाचणी चक्क पॉझिटिव्ह ठरते! एकक छापलेलं नसेल तर शेजारची नॉर्मल मर्यादा वाचा. ती 230-250 असेल तर बहुधा डीडीयू. तरीही लॅबला फोन करून किट कोणतं ते विचाराच. एका लॅबला एकक पूर्ण छापा म्हणून किती विनवलं, तर उत्तर एकच: ‘मशीन देतं तेच आम्ही छापतो.’ रुग्णाच्या जिवाशी गाठ असताना हे उत्तर मला आजही संतापजनक वाटतं.

एकक बरोबर निघालं तरी आकडा एकटा चालत नाही. एडीडी स्कोअर (पूर्वेतिहास, वेदना आणि तपासणी यांवरून डिसेक्शनची जोखीम मोजणारे गुण) 0 किंवा 1 असेल तरच 500च्या खालचा डी-डायमर डिसेक्शन नाही म्हणायला कामाचा. 2018च्या ॲडव्हाइज्ड अभ्यासात हीच जोडी तपासली होती. अचानक, तीव्र, फाटल्यासारखी अशी तिन्ही वर्णनं जुळली तरी वेदनेचा गुण एकच. पण दोन्ही हातांच्या सिस्टोलिक दाबात 20हून जास्त फरक मिळाला की दुसरा गुण झाला. मग डी-डायमर मागवूच नका, थेट सीटी. दाब दोन्ही हातांत घेतलाय ना?

निगेटिव्ह रिपोर्ट फसवतो तो मुख्यतः इंट्राम्युरल हिमॅटोमात (महाधमनीच्या भिंतीतच रक्त साठलेलं असताना), फॉल्स ल्यूमेन (फाटीमुळे भिंतीत बनलेला खोटा मार्ग) गोठलेला असताना, फाट छोटी असताना, किंवा दुखणं सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर. रुग्ण अँटीकोॲग्युलंटवर (रक्त पातळ करणाऱ्या औषधावर) असेल तरीही आकडा खाली येऊ शकतो. पल्मनरी एम्बोलिझममधला (फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी) कट-ऑफचा ‘वय गुणिले 10’ हा नियम इथे लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारं प्रथिन) वाढलं म्हणून हार्ट अटॅक समजून लगेच हेपारिनकडे, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनकडे, धावू नका. फाट कोरोनरीच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) मुखापर्यंत गेली, विशेषतः उजव्या, तर ट्रोपोनिन वाढतं आणि ईसीजीतही हार्ट अटॅकसारखं इन्फिरियर एसटी एलिव्हेशन दिसू शकतं. शंका दाट असेल तर क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या तपासणीच्या) रिपोर्टसाठीही सीटी अडवू नये.

आणि मागणीपत्रावर नुसतं ‘छातीत दुखणं’ लिहू नका. ‘डिसेक्शनची शंका’ लिहा, छातीपासून जांघेपर्यंत मागा. फुप्फुसाच्या धमन्यांसाठी लावलेल्या टायमिंगमध्ये महाधमनीत डाय नीट भरत नाही.