वॉर्डात नवीन आलीयस ना, मग मलेरियाचं हे ऐकून ठेव

बाय, रत्नागिरीत पाऊस लागला की तापाचे पेशंट वाढतात, तेव्हा सगळे डासांच्याच मागे असतात. ते बरोबरच आहे, पण मलेरियाचा जंतू रक्तात असतो, त्यामुळे रक्त जिथून जातं तिथून तोही जातो, डास नसला तरी.

सुई कुणी परत वापरत नाही गं, घोळ होतो व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या बाटलीत. एका पेशंटची लाईन, म्हणजे शिरेतली नळी, फ्लश केली, म्हणजे औषध सोडून साफ केली, मग सुई बदलली पण सिरिंज तीच ठेवून परत हिपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) मोठ्या बाटलीत घातली, की संपलं, कारण सिरिंजमध्ये मागे आलेलं रक्त डोळ्याला दिसतच नाही आणि त्या बाटलीतून पुढचे चार बेड घेतात. ट्रॉलीवर एकच सलाईनची बाटली फ्लशसाठी दिवसभर उघडी ठेवायची सवय तर मला अजिबात पटत नाही, कुणी कितीही सिनियर करत असू दे. शुगर बघताना पण लॅन्सेट (बोट टोचायची सुई) आणि ग्लोव्हज दर पेशंटला नवीन, मशीन पुसून.

रक्त चढवायचं असेल तर बॅगेवर मलेरिया टेस्टची नोंद बघ, फ्रीजमधल्या रक्तातही जंतू काही दिवस जिवंत राहतो.

आणि दुसऱ्याच कारणासाठी आलेल्या पेशंटला आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तर नुसती पॅरासिटामॉल देऊन बसू नको, डॉक्टरांना सांगून स्मिअर, म्हणजे मलेरियासाठी काचेवर घेतलेलं रक्त, तपासायला पाठव. मच्छरदाणी मात्र पॉझिटिव्ह पेशंटला आधी, तो म्हणेल गरम होतंय, तरी लाव.