तीन इंचांची किंमत कोणी द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या वाळपईजवळचे एक वाचक, वय 34. कुळागर (पोफळी-मसाल्यांची बाग) आणि काजूची बागायत घरापासून साडेतीन किलोमीटर आत, वाटेत दोन ओहळ, पावसाळ्यात चिखल. चवथीला (गणेश चतुर्थीला) सेकंडहँड फोर-व्हील-ड्राइव्ह घरी आणायची आहे. पसंत पडली ती 2016 ची डिझेल महिंद्रा थार सीआरडीई, सिंधुदुर्ग पासिंग, 88,000 किलोमीटर, 3 इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन तेवढं उचललेलं) आणि 245/75 आर16 टायर. मालक 6,90,000 मागतो. लिफ्टवर दीड लाखाच्या वर घातले म्हणून किंमत रास्त, असं त्याचं म्हणणं. स्पीडब्रेकरवर पुढून 'धाड' आवाज येतो आणि सत्तरच्या पुढे गाडी थरथरते. वर्कशॉपने लिफ्ट नीट करायच्या 'फुल किट'चं 1,38,000 चं कोटेशन दिलं आहे. दुसरा पर्याय गोवा पासिंगची 2015 ची थार, 96,000 किलोमीटर, काहीही फेरफार नसलेली, 6,20,000. घरात महिन्याला 64,000 येतात, गृहकर्जाचा हप्ता 17,500, घरखर्च 30,000. मुदत ठेव 5,00,000. काजूतून गेल्या हंगामात खर्च वजा जाता 1,10,000 सुटले. बेत असा की ठेवीतले 4,28,000 मोडायचे आणि 4,00,000 चं कर्ज 14 टक्क्यांनी 4 वर्षांसाठी काढायचं.

नमस्कार,

तुमची गरज खरी आहे. पावसात त्या वाटेने साधी गाडी जात नाही, आणि पोफळीला पाऊस बघून सवड देता येत नाही. म्हणून गाडी घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण ही गाडी, या भावात आणि या महिन्यात घेऊ नका.

आधी हिशेब. 64,000 मधून 47,500 गेले की हातात 16,500 राहतात. 4 लाखांचा 48 महिन्यांचा हप्ता 10,930 रुपये. चार वर्षांत व्याजच सुमारे 1,24,700. उरले 5,570. महिन्याला 400 किलोमीटर फिरलात, लिटरमागे 11 किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर 3,300 तिथेच गेले. विमा, टायर आणि देखभालीसाठी 3,000 बाजूला काढले की महिना 730 रुपये तुटीत. तोही कोणी आजारी नाही, मुलांची फी वाढली नाही, असा महिना. ठेवीत उरणारे 72,000 म्हणजे हप्ता धरून जेमतेम सव्वा महिन्याचा खर्च. पगार एक महिना लांबला तरी अडचण होईल.

आता त्या 3 इंचांकडे वळू, कारण तुमच्या निर्णयाची गाठ तिथे आहे. मालक म्हणतो लिफ्टमुळे किंमत वाढली. माझ्या मते ती त्याच लिफ्टमुळे कमी व्हायला हवी.

या थारच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बार आहे: चॅसिसला समांतर बसवलेला पोलादी दांडा, जो पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करतो. त्याच्या टोकाचा ॲडजस्टिंग बोल्ट आवळला की गाडीचं नाक वर येतं. नवा पार्ट न घालता, एक पाना घेऊन थोड्या वेळात 'लिफ्ट' तयार. पण चाकाला खाली जायला जी जागा होती ती या उंचीत खर्च होते. गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना चाक खाली लटकतं आणि आर्म लगेच स्टॉपरला आपटतो. तुम्ही ऐकलेला 'धाड' आवाज बहुधा हाच. अशा सस्पेन्शनवर एक-दीड इंचाच्या पुढे गेलं की ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाक वर-खाली झालं तरी त्याला ताकद पोचवणारे सांधे) वाकड्या कोनात फिरू लागतात, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर पडतं, आत चिखल जातो आणि जॉइंट संपतो. बॉल जॉइंटवर ताण येतो तो वेगळा. कॅम्बर आणि टो, म्हणजे चाकांचे कोन, बिघडून टायर एका कडेने झिजतात.

मागे पाटे आहेत, म्हणजे एकावर एक बसवलेल्या कमानदार पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. तिथे उंची वाढवायचे तीन मार्ग: ॲक्सल (मागच्या दोन चाकांना जोडणारा आस) आणि पाट्यामध्ये ब्लॉक घालणे, पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारी शॅकल लांब करणे, किंवा जास्त कमानीचा पाट्यांचा नवा संच बसवणे. पहिले दोन स्वस्त, आणि त्रास बहुतेक त्यांचाच. ब्लॉक जितका उंच तितकी ॲक्सलला पाटा पिळायला तरफ मिळते. ओहळातून चढताना ॲक्सिलरेटर दाबला की पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, चाक उड्या मारतं आणि शेवटी सेंटर बोल्ट तुटतो. शॅकल 2 इंच लांब केली तर उंची 1 इंचच मिळते, पण ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या पिनियनचा कोन बदलतो आणि प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून ॲक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर जातात. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा भार-व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की गाडी रिकामी आहे असं समजून तो मागचा ब्रेक कमी करतो. चोर्ला घाट उतरणाऱ्या माणसाने एवढी एक गोष्ट तरी तपासलीच पाहिजे.

सत्तरच्या पुढची थरथर नेमकी कुठे जाणवते ते बघा. स्टिअरिंगमध्ये असेल तर चाकांचं बॅलन्सिंग, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट. सीटखाली, फ्लोअरमध्ये असेल तर प्रॉपेलर शाफ्ट.

एवढं सोसून मिळतं काय? मागचं डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) ॲक्सलवरच असतं, म्हणून सस्पेन्शन कितीही उचललं तरी ते जमिनीपासून तेवढंच राहतं. ते फक्त टायरने वर येतं. मूळचा 235/70 आर16 टायर सुमारे 735 मिलिमीटर व्यासाचा, 245/75 आर16 सुमारे 774. फरकाचा निम्मा, म्हणजे 19 मिलिमीटर, एवढीच त्या ठिकाणची खरी कमाई. शिवाय प्रत्येक गिअर 5 टक्क्यांनी लांब होतो, चढणीवर क्लचला जास्त सोसावं लागतं आणि गाडी 60 ने जात असताना स्पीडोमीटर 57 दाखवतो.

वर्कशॉपचं कोटेशन मी नीट वाचलं. पाटे, चार शॉकअप, जाड टॉर्शन बार आणि पुढचं डिफरन्शियल खाली आणायची ब्रॅकेट. या ब्रॅकेटने सीव्ही जॉइंटचा कोन सुधारतो, हे बरोबर. पण डिफरन्शियलच खाली आलं की पुढे मिळवलेली उंची तुम्ही पैसे देऊन परत करता. आणि जे आधीच झिजलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते कोटेशनमध्ये नाहीच: सीव्ही जॉइंट, बॉल जॉइंट, प्रॉपेलरचे क्रॉस, लांब ब्रेक होज, अलाइनमेंट. म्हणजे 1,38,000 वर काम थांबेल असं धरू नका.

कायद्याचा भाग लहान आहे, पण महागात पडणारा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182ए खाली बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. लिफ्ट आधीच्या मालकाने केली हे खरं, पण गाडी नावावर झाली की प्रश्न तुम्हाला विचारले जातील. गाडी सिंधुदुर्गची आहे. गोव्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथली नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स, आणि गाडी तपासणीला उभी करणं. 2031 मध्ये 15 वर्षं पूर्ण झाली की नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तपासणी. विमा कंपनीला लिफ्ट कळवली नसेल तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. सात लाखांची वस्तू अशा अनिश्चिततेवर उभी करू नये.

म्हणून माझा कौल 2015 च्या साध्या गाडीला, किंवा तिच्यासारख्या दुसरीला. आरसीवर उत्पादनाचा महिना बघा. 2015 च्या मध्यात आलेल्या सुधारित मॉडेलला मागे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आहे. चिखलात एक चाक नुसतं फिरत राहिलं की ते उपयोगी पडतं, 3 इंच उंचीपेक्षा जास्त. गाडी त्यानंतरची असेल तर त्यासाठी थोडे जास्त द्यायला हरकत नाही.

गाडी पिटवर (खालून तपासायच्या खड्ड्यावर) चढवल्याशिवाय बयाणा देऊ नका. हातोडीने चॅसिसवर हलके ठोके मारत जा, विशेषतः पाट्यांच्या हँगरजवळ. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले तर आत गंज आहे. चॅसिसवर ताजा काळा रंग दिसला तर जास्त खोलात जा. किनाऱ्याकडे वापरलेल्या गाडीत खारं पाणी पाट्यांच्या फटींत आणि चॅसिसच्या पोकळीत बसलेलं असतं. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावा. डावी-उजवीत 10-12 मिलिमीटरहून जास्त फरक म्हणजे पाटा बसलाय, किंवा टॉर्शन बार कमीजास्त आवळलेला आहे. पाट्यांत तडा शोधायचा तो सेंटर बोल्टजवळ. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून गाडी हळू फिरवा. कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट गेला. चॅसिसला जॅक लावून चाकं लटकू द्या आणि ब्रेक होज ताणले जातात का बघा. शेवटी लो-रेंज (फोर-व्हील-ड्राइव्हचा जास्त ताकदीचा, संथ गिअर) घालून चढावर चालवा. हे सगळं करायला दोन तास आणि ओळखीचा मेकॅनिक पुरे. ट्रकचे पाटे बांधणारे जुने कारागीर तुमच्या भागात आहेत, त्यांना सोबत न्या; पाट्याची अवस्था त्यांच्याइतकी लवकर कोणी ओळखत नाही.

साध्या गाडीवर 60,000 खर्चायची तयारी ठेवा. त्यातले 40,000 मूळ मापाच्याच, 235/70 आर16 ऑल-टेरेन टायरसाठी, बाकीचे पाट्यांचे बुश, शॅकल पिन, गळणारा शॉकअप आणि गंजरोधक लेप यासाठी. मूळ मापाचे पार्ट घालणं म्हणजे दुरुस्ती, फेरफार नव्हे. आरसी आणि विमा दोन्ही सुरक्षित राहतात. पाटे उघडले तर ते ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात, आणि 500 किलोमीटरच्या आत पुन्हा आवळून घ्या. चिखलात टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरी रस्त्यावर येताच परत भरा. आणि ओहळांच्या दोन्ही काठांना चिऱ्यांचे तुकडे व खडीचा भराव घाला. त्याचा उपयोग मजुरांना, टेम्पोला, सगळ्यांनाच होईल.

आता पैशाची जुळणी. तुम्हाला गाडी लागते जून ते सप्टेंबर. चवथीला घेतली तर पावसाचे दिवस जवळपास संपलेले असतील आणि हप्ते मात्र लगेच सुरू होतील. त्याऐवजी सप्टेंबर ते एप्रिल असे आठ महिने दर 5 तारखेला 11,000 रिकरिंगमध्ये टाका. 88,000 होतील. काजूचे 1,10,000 आले तर 1,98,000. ठेवीतले 2,80,000 मोडा, 2,20,000 ना हात लावू नका आणि ते तारणही ठेवू नका. गाडीचे 6,20,000 आणि वरचे 60,000 मिळून 6,80,000; त्यातून हे वजा जाता कर्ज उरतं 2,02,000. तीन वर्षांचा हप्ता सुमारे 6,900, एकूण व्याज 46,500 च्या आसपास. डिझेल आणि देखभाल काढूनही महिन्याला तीन हजारांवर राहतात. 14 टक्के दर आहे तसा मान्य करू नका. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे आधी विचारा. ठेव मोडण्याआधी मुदत कधी संपते ते पाहा, कारण मुदतीआधी मोडली की बँका सहसा व्याजदर अर्धा ते एक टक्का कमी करतात.

आठ महिन्यांत दोनदा जरी ते 11,000 टाकता आले नाहीत, तर कर्जाचा आकडा आणखी खाली आणा किंवा गाडी एका हंगामाने पुढे ढकला. काजूचं पीक कमी आलं तरी हाच नियम. 2015 ची ती गाडी तोवर विकली जाईल, हे मान्य. पण साधी, चांगली ठेवलेली थार मे महिन्यातही सापडते, आणि तेव्हा तुमच्या हातात रोख असेल.

तरीही लिफ्टवाल्याच गाडीवर मन बसलं असेल तर मालकाला एकच विचारा: मूळ पाटे, शॅकल आणि टायर जपून ठेवलेत का? असतील तर गाडी मूळ उंचीवर आणून, अलाइनमेंट करून मगच घ्या. नसतील तर साध्या गाडीच्या 6,20,000 मधून मूळवर आणायचा लेखी अंदाज आणि गोव्याचा रोड टॅक्स वजा करा. दुरुस्तीचा अंदाज 80,000 निघाला तर टॅक्स कापण्याआधीच 5,40,000 होतात. त्याच्या वर एक रुपयाही नको. लिफ्टवर त्याने घातलेले पैसे त्याच्या हौसेचे होते, ते तुमच्या ठेवीतून भरू नका.

कोणतीही गाडी घेतलीत तरी मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घ्या, आधीचं कर्ज असेल तर कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय विक्रेत्याला शेवटचे पैसे देऊ नका, आणि विमा 14 दिवसांत स्वतःच्या नावावर करा. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) तुम्हाला मिळत नाही, म्हणून प्रीमियमचा फरक आधीच विचारून ठेवा. पिटवर घेतलेली मापं आणि मेकॅनिकचा लेखी अंदाज मला पाठवलात तर बयाणा देण्याआधी आपण आकडे पुन्हा एकदा मांडून बघू.