अळीव कुणी आणला?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांचा सूर बदलतो. बाहेर ठाण्याच्या राम मारुती रोडवर आकाशकंदील लागलेले असतात आणि समोर बसलेलं पन्नाशीचं माणूस आठ वर्षांचं होऊन बोलायला लागतं. अशाच एका ताईंबद्दल लिहिते आहे, त्यांना विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

ताई पंचेचाळिशीच्या. घोडबंदर रोडला राहतात, आई त्यांच्याकडेच असते. वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "मॅडम, माझे बाबा आईला मारायचे. आणि मला मात्र त्यांनी केलेला किल्ला आठवतो. आठवला की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटते. ही आईशी बेइमानी नाही का?"

शब्द वेगळे असतात, पण हा प्रश्न मी खूपदा ऐकला आहे. ज्यांचं बालपण धड गेलं नाही त्यांना त्यातला आनंद सांगायचीही चोरी. सांगितला तर लोक म्हणणार, मग एवढं काही वाईट नव्हतं की!

मी म्हटलं, "आज फक्त किल्ला सांगा. सावकाश."

खारकर आळीतली चाळ, दोन खोल्या. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. सहामाही परीक्षा संपली की ते गोणपाट घेऊन यायचे. विटा रचायच्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट त्यावर पसरायचं, जरा आवळत आलं की बोटांनी दाबून कडे पाडायचे. "अळीव पेरताना बाबा माझा हात धरायचे," असं म्हणत त्यांनी अंगठा बोटांवर घासून हवेतच अळीव भुरभुरला. "माती आधी ओली पाहिजे. अळीव भिजला की बुळबुळीत होतो, चिकटून बसतो. मोहरी घरंगळते, अळीव नाही." चार-पाच दिवसांत बुरुज हिरवे व्हायचे. चेहरा असा उजळलेला, आणि मग एकदम गप्प. जरा वेळाने म्हणाल्या, "त्या वर्षी आईने फराळ एका हाताने केला. दुसरा प्लॅस्टरमध्ये होता."

पुढच्या भेटीत मी विचारलं, घरात आरडाओरडा व्हायचा तेव्हा तुम्ही कुठे असायचात?

शेजारच्या काकूंकडे. काकू दारात यायच्या, "ये गं, वाती वळायच्यात." त्यांचा लक्ष वातींचा संकल्प होता म्हणे. बोटाला भस्म लावून कापूस वळायचा, रेडिओ मोठा. ताई कौतुकाने सांगत होत्या की त्यांच्या वाती काकूंपेक्षा बारीक व्हायच्या. सांगता सांगता थबकल्या. "पण लक्ष वाती वर्षानुवर्षं कोण वळत बसतं हो?" आणि रडल्या. वडील गेले तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

इथे एक संशोधन सांगते, कारण ते ताईंच्या प्रश्नाला थेट भिडतं. 1998 मध्ये अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा यांनी बालपणीच्या आघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आईला होणारी मारहाण हा त्यात एक वेगळा आघात म्हणून मोजला होता. पुढे 2019 मध्ये क्रिस्टिना बेथेल आणि सहकाऱ्यांनी बालपणीचे चांगले अनुभव मोजले. आईवडिलांखेरीज मनापासून चौकशी करणारी निदान दोन मोठी माणसं आणि समाजातल्या परंपरांमध्ये मिळालेला आनंद, हे दोन्ही त्या यादीत आहेत. ज्यांना असे अनुभव जास्त मिळाले त्यांच्यात मोठेपणी नैराश्य आणि मानसिक अनारोग्य कमी दिसलं. आघात हिशेबात धरल्यावरसुद्धा.

म्हणजे मार आणि किल्ला यांची वजाबाकी होत नाही. किल्ल्याने मार पुसला जात नाही आणि मारामुळे किल्ला खोटा ठरत नाही. ताईंना मी हेच सांगितलं. वर्षश्राद्धाला नातेवाईक "बापाचे उपकार विसरू नकोस" म्हणत होते, त्याचा त्यांना त्रास होत होता. मला त्या नातेवाइकांचा रागच आला. कृतज्ञता अशी वसूल करता येत नाही. किल्ल्याबद्दल बाबांचे आभार मानले म्हणून माफी द्यावीच लागते असं नाही. ती देणं-न देणं ताईंच्या हातात, आणि आईवर जे झालं ते आईचं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आजही मारहाण होत असेल, तर आठवणींचं काम नंतर. आधी 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. मुलांसाठी 1098 आहे. मन फार खचलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416.

काकू आता मुलाकडे बदलापूरला असतात. ताई त्यांना भेटून आल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आईशी बोलायला मात्र त्यांना आणखी दोन महिने लागले. एका रात्री भांडी आवरताना त्यांनी कसंबसं म्हटलं, "आई, मला बाबांचा किल्ला अजून आवडतो गं."

आईने हातातलं पातेलं पुसून फळीवर ठेवलं. म्हणाली, "आवडणारच. चांगलाच करायचे. पण अळीव मी आणून ठेवायचे, जांभळी नाक्यावरून. त्यांना कुठला ठाऊक असायला?"